उलटा हत्ती

माझं तोंड कायम चालू असतंय. घनसावंगीच्या स्टँडवर कोणाला बी इचारा, बबनच्या जीपचं इंजन बंद पडंल, बबन बंद पडायचा न्हाई. पण आमच्या उज्ज्वलानं मला किती तरी वेळा असं गप केलं की तोंड उघडंच्या उघडं अन् आवाज गायब. माशी आत जाऊन, फिरून, बाहेर आली असंल तरी मला पत्ता न्हाई.

आमची म्हणलो, पण ती माझी कोणी नव्हती. माझ्या भिंतीला भीत लागून गयाबाई वहिनीचं घर. तिची ही सून. लग्न होऊन आली तवा बारावी झाल्ती, इथं येऊन कॉलेजात नाव घातलं, मधात एक लेकरू झालं, परी म्हणून, ते काखेत घेऊन पेपर दिले. मी चौथीत दोनदा बसलो अन् दोन्ही बार बसलेलाच राह्यलो, म्हणून मला ह्या गोष्टीचं लई अप्रूप.

ती मला कळली ती जीपच्या बॉनेटवर. आता हे सांगावं लागल. जीपमधी सीट भरेस्तोवर डायवर लोकायनी करायचं काय? एकमेकाच्या बायकायबद्दल बोलून झालं, राजकारण झालं, मंग राह्यलं बुद्धिबळ. मी पेंटरला गाठून माझ्या बॉनेटवरच पट काढून घेतल्ता. काळी-पांढरी घरं, एकदम झकास. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली न्हाई की बॉनेटला उतार असतो. घोडा ठिवला की हळूहळू घसरत वजिराच्या मांडीवर. उन्हाळ्यात तं प्यादे चिटकून बसायचे, उचलायला गेलं की रंगाचा पापुद्रा संगं. पण डाव चालायचा.

अन् मी हरायचो. स्टँडवर माझ्याइतकं कोणीच हरलेलं न्हाई. नवीन डायवर आला की त्याला आधी माझ्यासंगं बसवायचे, पोराचा हुरूप वाढावा म्हणून.

एका दिवशी मी असाच डाव लावून बसल्तो. गाडीत पुढल्या काचेमागं दोन-चार बाया, त्यात गयाबाईची सून, मांडीवर पिशवी. मी घोडा उचलला. आतून एकदम बारीक आवाज आला, "काका, मरतो तो."

म्हणलं, "कोण?"

"घोडा."

मी हसलो. समोरचे सगळे हसले. म्हणलं, "सूनबाई, हे भाकरी थापायचं काम न्हाई." अन् ठिवला घोडा. समोरच्यानं उंटानं उचलला. पुन्हा आतून आवाज, "आता हत्ती मरंल." हत्ती मेला. "आता काका, तुम्ही गाडी काढा, सीट भरल्यात." हे बी बराबर व्हतं. डाव गेल्ता अन् सीटबी भरल्त्या.

त्या दिवसापासून ती उतरून बॉनेटपाशी उभी राहायला लागली. माहेरी तिला मोठ्या भावानं शिकवल्तं म्हणं. मी म्हणलं, बस, खेळ. तिनं मला हरवलं, नवल न्हाई, मला बकरीनं बी हरवलं असतं. पण तिनं शहागडच्या लाइनवरच्या मुसाभाईला हरवलं. मुसाभाई म्हणजे आमच्या स्टँडचा बादशहा. हरल्यावर त्यानं पटाकडं बघितलं, मंग तिच्याकडं, मंग माझ्याकडं बघून म्हणला, "बबन, ये लडकी को किसने सिखाया?" म्हणलं, "मी." पुरं स्टँड असं हसलं की दोन बसा थांबल्या.

आता तिची चाल सांगतो. पटावरची न्हाई, पायाची. पुऱ्या तालुक्यात एवढं सावकाश चालणारं माणूस मी बघितलं न्हाई. हाक मारली की आधी थांबणार, मंग वळणार, मंग "थांबा, बघते" म्हणणार. जेवायला बसली की गयाबाईचं जेवण होऊन, भांडे घासून, वाळून जायचे अन् हिची अर्धी भाकर ताटात. गयाबाई कपाळावर हात मारून म्हणायची, "बबन भावजी, हिला देवानं बैलगाडीच्या चाकावर बसवून धाडलं." मी हॉर्न वाजवून वाजवून ब्याटरी उतरवायचो, ही आपली गल्लीतून येऊन राह्यली, जशी काही जीप तिच्या बापाची हाये.

पण कपाशीच्या वेचणीत तिला बघावं. पाय तसेच सावकाश, पण दोन्ही हात दोन झाडावर. बोंडाला बोट लागलं न्हाई की कापूस ओटीत. बाकीच्या बाया जल्दी जल्दी करून अर्धा काडीकचरा घेऊन यायच्या, हिचा कापूस पांढराफेक. मी एकदा म्हणलं, "सूनबाई, एवढे हात चालतेत, मंग पाय का चालत न्हाईत?" थांबली. इचार केला. म्हणली, "पायाला काम न्हाई ना काका."

अन् दुसरी खोड, खरं बोलायची. खरं सगळेच बोलतेत कधीमधी, पण हिला वेळकाळ नव्हता. भरल्या जीपमधी मला म्हणली, "काका, शर्ट उलटा हाये." म्हणलं, "हळू सांगावं बाई." तं म्हणली, "हळू सांगितलं तरी उलटाच असंल ना." एका दिवशी तीर्थपुरीच्या रस्त्याला पोलिसानं गाडी अडवली. मी खाली उतरून हात जोडून, एकदम गरीब तोंड करून उभा. म्हणलं, "सायेब, नियमात सीट हायेत, एक बी जास्ती न्हाई." पोलीस बी चांगला माणूस, जाऊ दे म्हणणार व्हता. जाता जाता त्यानं मागं डोकावून सहज इचारलं, "काय ताई, बराबर ना?" ही म्हणली, "न्हाई. टपावरचे धरून दुप्पट हायेत."

पावती फाटली. पुढं मी गाडी चालवून राह्यलो अन् रडकुंडीला येऊन म्हणलं, "सूनबाई, माझं काय चुकलं?" म्हणली, "तुम्ही न्हाई चुकले काका. त्यायनी मला इचारलं." अन् मंग तिचा ठरलेला बोल, "हाये ते हाये."

हे "हाये ते हाये" आमच्या गल्लीत एवढं चालायला लागलं की वरणात मीठ जास्ती झालं तरी लोक म्हणायचे, हाये ते हाये.

कॉलेजात क्रीडा शिकवणाऱ्या सरला तिचा खेळ कळला. सरनं तिला स्पर्धेला धाडायला सुरुवात केली. घड्याळ लावून खेळायचं तिथंच शिकली. दोन तोंडाचं घड्याळ, आपली चाल झाली की बटन दाबायचं, आपलं थांबतं, समोरच्याचं पळतं. मी म्हणलं, घड्याळावर ही काय खेळंल, हिचं अर्धं घड्याळ तं "थांबा, बघते" मधीच जाईल. पण तिथं तिचे हात वेचणीवाले निघाले.

मंग एका साली ठरलं. विद्यापीठाची बायकायची टीम निवडायची, पाच जणी, अन् स्पर्धा जालन्याला. ज्या पाच निवडल्या त्या आगगाडीत बसून लांब दुसऱ्या राज्यात खेळायला जाणार. उज्ज्वलाचं वय बसायचं हे शेवटचं साल. त्याच्या मागल्या दोन्ही साली ती थोडक्यात हुकल्ती. घरी वेचणी खोळंबल्ती, परी रांगायची सोडून पळायला लागल्ती, नवरा फिटरच्या कामाला बाहेर, सगळा भार गयाबाईवर. पण गयाबाई तिला खेळू नको असं कधी म्हणली न्हाई, हे मी शपथेवर सांगतो. हिनंच सांगितलं. माझ्या जीपमधी, भरल्या गाडीत, सासूला म्हणली, "आई, ह्या बारी टीममधी आले तं खेळत राहीन. न्हाई आले तं पट उचलून माळ्यावर. परत नाव काढायची न्हाई. तुमच्यासंगं रोज वेचणीला."

गयाबाई म्हणली, "मी काही म्हणले का गं तुला?"

"तुम्ही न्हाई. मी म्हणून राह्यले."

दुसरं कोणी असं बोललं असतं तं सोडून दिलं असतं, चार दिवसानं इसरलं असतं. ही बोलली म्हणजे झालं. मला तं वाटलं तिनं स्वतःच्या हातानं कुलूप लावलं अन् किल्ली जालन्याला ठिवून दिली.

जालन्याला मी घेऊन गेल्तो. गाडीत ती, गयाबाई, परी अन् कॉलेजच्या दोन पोरी. पोरी पहिल्याच दिवशी हरून मोकळ्या झाल्या अन् बाजार बघून आल्या. उज्ज्वला मात्र टिकली. सगळे डाव होऊन चार जणीचे नावं पक्के झाले, अन् पाचव्या जागेला दोघी सारख्या. एक आमची, दुसरी शहरातली ऋतुजा म्हणून एक पोरगी. चष्मा, वेणी, हातात पाण्याची बाटली, अन् मागं तिचे स्वतःचे शिकवणारे सर. पोरगी चांगली व्हती, मला काका म्हणून पाणी बी दिलं, म्हणून तिच्याबद्दल मला काही बोलता येत न्हाई. सरबद्दल येतं, पण मी कोणत्या तोंडानं बोलू, ते पुढं कळंल.

पंचानं सांगितलं, दोघीत एकच डाव, झटपटचा. पांढऱ्याला पाच मिन्टं, काळ्याला चार. पण पांढऱ्यानं जिंकलंच पाहिजे. बरोबरी झाली तं काळी पुढं. नाणं उडवलं. उज्ज्वलाच्या वाट्याला पांढरे.

म्हणजे जिंकली तं टीममधी. हरली किंवा बरोबरी झाली तं माळ्यावर.

हॉलमधी दोरी बांधल्ती, दोरीमागं आम्ही. मला आधीच दोनदा ताकीद मिळल्ती. एकदा फोन वाजला म्हणून, अन् दुसऱ्यांदा फोन बंद करताना तो पुन्हा वाजला म्हणून. गयाबाई परीला मांडीवर घेऊन खुर्चीत. बुद्धिबळातलं तिला काही कळत न्हाई, ती सुनेच्या तोंडाकडं बघून राह्यली.

डाव सुरू झाला अन् मला घाम. ते घड्याळ बॉनेटवर कुठं असतंय? टक टक टक टक. ऋतुजाचे हात सुऱ्यासारखे. उज्ज्वलाचे हात एकसारखे, ना जल्दी ना उशीर, जसं बोंड आलं तसं वेचलं. मधात तिचा वजीर मेला, मी कपाळ धरलं. मंग समोरचा बी मेला, मी कपाळ सोडलं. एकेक करून सगळे गेले. शेवटी पटावर राह्यलं काय, तं काळ्याचा एकटा राजा, अन् आमच्या बाजूनं राजा अन् एक प्यादं. अन् ते प्यादं शेवटच्या घराच्या एक पाऊल अलीकडं.

मला एवढं कळतं की प्यादं शेवटच्या घरात गेलं की त्याचा वजीर करता येतो. वजीर आला की खेळ खल्लास. मी गयाबाईला कानात म्हणलं, "वहिनी, जिंकली!"

उज्ज्वलानं प्यादं सरकवलं. शेवटचं घर. अन् मंग तिच्या हातानं जे केलं ते आमच्या स्टँडचं पाप.

तुम्हाला स्टँडची रीत सांगतो. आमच्या इथं मेलेला वजीर ज्यानं मारला त्याच्या खिशात जातो. मारणाऱ्याची सीट भरली की तो वजिरासकट गाडी घेऊन निघून जातो. वजीर गेला शहागडला, आता संध्याकाळी येईल. मंग इकडं दुसऱ्या कोणाचं प्यादं पोचलं तं वजीर आणायचा कुठून? म्हणून आम्ही मेलेल्या ढिगातला हत्ती उचलतो अन् उलटा करून ठिवतो. उलटा हत्ती म्हणजे वजीर. हे स्टँडवरच्या शेंबड्या पोराला बी ठाऊक.

तिच्या बाजूला मेलेला पांढरा वजीर चांगला उभा व्हता, हाताशी. तिच्या हातानं त्याच्याकडं बघितलंच न्हाई. हात सरळ हत्तीवर गेला, हत्ती उचलला, उलटा केला, ठिवला, बटन दाबलं. एका श्वासात.

पंच पुढं वाकून बघायला लागला.

मागून ऋतुजाच्या सरचा आवाज, "सर! हा हत्ती आहे! उलटा ठेवला म्हणून वजीर होत नाही! नियम आहे!"

माझं रक्त खवळलं. म्हणलं, आमच्या पोरीवर अन्याव! दोरीवर ओणवा होऊन मी बी वरडलो, "वजीर हाये सायेब! आमच्याकडं असाच असतो! पुऱ्या घनसावंगीला इचारा! वजीर म्हणजे वजीर!"

"हत्ती!"

"वजीर!"

"अहो, हत्ती!"

"वजीर हाये, वजीर! कोणाची शपथ घेऊ?"

पंच ताडकन उठला, घड्याळ थांबवलं. सरला म्हणला, "तुम्ही एक शब्द बोलायचा नाही." मला म्हणला, "तुम्ही बाहेर." अन् एका माणसानं माझं बखोट धरून मला भाईर काढलं. गयाबाईनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी लग्नात जेवणावळीत पंगत उधळली.

मी खिडकीला गेलो. जाळीला तोंड लावून उभा. तिथून ऐकू येत व्हतं.

एक गोष्ट मला तवा कळली न्हाई. सर "हत्ती हत्ती" करत असताना त्यायची ती पोरगी ऋतुजा पटाकडं बघून पांढरीफटक पडल्ती. तिनं मागं वळून हात हलवला, जशी म्हणून राह्यली, सर, थांबा ना. पण सर थांबतेत व्हय? माझ्यासारखाच गडी.

पंच उज्ज्वलाकडं वळला. "काय ठेवलं आहेस तू? उलटा का ठेवलास?"

उज्ज्वला थांबली. तिची सवय. तिनं पटाकडं बघितलं. लई येळ बघितलं. मी जाळीतून म्हणून राह्यलो, बोल बाई, बोल.

मंग म्हणली, "सर, मी वजीर ठिवला."

मी जाळीवर मूठ आपटली. म्हणलं, शाब्बास! अशी बोल!

अन् आतमधी काय झालं तं, ऋतुजानं झटकन मान वर करून उज्ज्वलाकडं बघितलं. असं बघितलं, जसं माणूस भूत बघतंय. तिचे सर तिच्याकडं बघायला लागले, मंग पटाकडं, मंग त्यायनी दोन्ही हातानं डोकं धरलं. मला काही टोटल लागंना. म्हणलं, वजीर म्हणल्यावर ह्यायची तं जिरली, बराबर हाये.

पंच म्हणला, "बाळ, तुझ्या मनात काय होतं ते मला दिसत नाही. पटावर काय आहे ते दिसतं. उलटा असो, सुलटा असो, हा हत्ती आहे." अन् त्यानं आपल्या हातानं हत्ती सुलटा करून ठिवला.

मी भिंतीला पाठ लावून खालीच बसलो. संपलं म्हणलं. वजिराचा हत्ती झाला. माझ्यामुळं झाला, माझ्या खिशामुळं झाला.

पुन्हा टक टक सुरू झालं तवा उठलो. ऋतुजाचा राजा हत्तीजवळून निसटला. उज्ज्वलाच्या घड्याळात आता लई कमी राह्यलं व्हतं. समोर नुसता राजा असला म्हणून काय, तिचं घड्याळ संपलं असतं तं डाव बरोबरीत, अन् बरोबरी म्हणजे माळा. राजा अन् हत्तीनं एकट्या राजाला कोपऱ्यात न्यायचं, ते म्हणजे रान मोकळं असताना एक बकरी दोघांनी वाड्यात घालायची. धावलं की ती सुटती. उज्ज्वला धावली न्हाई. हत्ती एक घर. राजा एक घर. हत्ती एक घर. बटन, बटन, बटन. गयाबाई पटाकडं न बघता अजून सुनेच्या तोंडाकडंच बघून राह्यली.

शेवटची चाल मला दिसलीच न्हाई, मधात पंचाची पाठ आली. दिसलं ते एवढंच की उज्ज्वलानं घड्याळ दाबलं न्हाई. हात मांडीवर घेतला. अन् ऋतुजानं चष्मा काढून टेबलावर ठिवला.

मात.

आता खरी गोष्ट. मला ती परतीच्या रस्त्यानं कळली. अंबड सोडलं, मी एकदम रंगात, एक हात स्टेरिंगवर, एक हातानं पुऱ्या गाडीला डाव समजावून सांगून राह्यलो. म्हणलं, "त्या पंचानं जर माझं ऐकलं असतं, वजीर मान्य केला असता, तं तिथंच्या तिथं जिंकलो असतो! एवढी पळापळ कशाला?"

मागं कॉलेजच्या दोन पोरी खुसुखुसु हसायला लागल्या. मी म्हणलं, "काय झालं?"

एक म्हणली, "काका, तिथं वजीर असता ना, तं त्या राजाला शह न्हाई अन् सरकायला एक बी घर न्हाई. असं झालं की डाव बरोबरीत सुटतो. हत्ती तिरका चालत न्हाई, म्हणून त्याला पळायला एक घर राह्यलं अन् डाव पुढं चालला. तिथंच्या तिथं. ताई घरी."

मी म्हणलं, "म्हणजे?"

"म्हणजे ते सर हत्ती हत्ती म्हणून ताईला जिंकवून राह्यले व्हते. अन् तुम्ही वजीर वजीर म्हणून ताईला हरवून राह्यले व्हते."

मी गाडी बाजूला घेतली. ब्रेक एवढ्या जोरात लागला की गयाबाईच्या पिशवीतले सगळे पेरू माझ्या पायाखाली. मी तसाच बसलो. पेरू पायाखाली, हात स्टेरिंगवर, तोंड उघडं.

मंग हळूहळू दुसरी गोष्ट डोक्यात शिरली, अन् ती पहिलीपेक्षा वाईट. मी मागं वळलो. उज्ज्वला परीच्या केसातून हात फिरवून राह्यली व्हती. म्हणलं, "सूनबाई, मी अडाणी. मला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक व्हतं का?"

"ठिवताना न्हाई. घड्याळ दाबलं अन् दिसलं."

"म्हणजे पंचानं इचारलं तवा तुला ठाऊक व्हतं? वजीर म्हणलं तं सगळं जातंय, म्हणून?"

"व्हतं ना."

"अन् तरी म्हणलीस?"

"त्यायनी इचारलं काका."

मला त्या पोलिसाची पावती आठवली. तवा माझं गेल्तं. इथं तिचं सगळं जाणार व्हतं, अन् ती तशाच आवाजात बोलल्ती.

मंग मला वाटलं, एवढी खरी बाई, आता हिला ती जागा टोचत असंल. मी मोठेपणा करून म्हणलं, "मंग सूनबाई, खरं धरलं तं तो डाव त्या ऋतुजाचा. तिला देऊन टाकते का काय जागा?"

तिनं माझ्याकडं बघितलं. थांबली. मला वाटलं हो म्हणती. म्हणली, "का म्हणून? मी वजीर म्हणलं, त्यायनी हत्ती म्हणलं. मंग हत्तीनं खेळले अन् हत्तीनं जिंकले. आता जागा देऊन काय त्या पोरीला भीक घालू? तिनं हात मिळवला तवा काय म्हणली ठाऊक हाये का? म्हणली, ताई, पुढच्या वेळेला सुलटा ठेव. मी म्हणले, पुढच्या वेळेला बघू."

दोन्ही पोरी फिदीफिदी हसल्या. मी न्हाई. मी अजून तसाच.

गयाबाई खाली वाकून माझ्या पायाखालचे पेरू गोळा करून राह्यली व्हती. चेंगरलेले एकीकडं, चांगले पदरात. तोंड वर न करता म्हणली, "बबन भावजी, वेचणीला एखादी बाई बघा बरं. आमची काही येत न्हाई आता."

ती टीमसंगं गेली. मी जालन्याच्या टेसनावर सोडून आलो. आली तवा मी स्टँडवर पेढ्याची पुडी घेऊन उभा. उतरली. म्हणलं, "काय झालं?" म्हणली, "हरले."

"किती?"

"सगळे." अन् हसली. अशी हसली की मी पुडी खिशात घालायची का द्यायची तेच इसरलो. म्हणली, "काका, काय पोरी हायेत हो एकेक! मला वाटायचं मला येतं. मला काहीच येत न्हाई." जशी कोणी तिला जत्रा दाखवून आणली. मी जिंदगीभर हरलो, पण हरून एवढं खूश व्हता येतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढं तिच्या नवऱ्याला सोलापूरकडं पक्कं काम लागलं. घर हलवायचं ठरलं. सामान टेम्पोनं गेलं अन् माणसं माझ्या जीपनं शहागडपस्तोवर, तिथून हायवेला बस. मी त्यायला धाब्यापाशी उतरवलं. बस यायला येळ व्हता. गयाबाई बोचक्यावर बसली, परी तिच्या मांडीत झोपली. मला परतीच्या सीटा भरायच्या व्हत्या, म्हणून मी निघालो. जय भीम झाला, डोळे पुसणं झालं, गयाबाईनं मला "तोंड सांभाळा भावजी" म्हणून आशीर्वाद बी दिला. गाडी वळवून बघतो तं उज्ज्वला बोचक्यापाशी न्हाई.

धाब्याच्या खाटेवर एक ट्रकवाला, मोठ्या मिशीचा, लांबच्या गावचा, कागदी पट मांडून एकटाच बसल्ता. दोन्हीकडून आपणच खेळून राह्यला व्हता. उज्ज्वला सावकाश चालत त्याच्यापाशी गेली. उभी राह्यली. त्यानं वर बघितलं. हसला. मिशीला हात लावून म्हणला, "क्या बहन, आता है क्या थोडाबहुत?"

मी जीप थांबवली. म्हणलं, उतरून त्या बिचाऱ्याला सांगावं. मंग मला बॉनेटवर मेलेला माझा घोडा आठवला, अन् म्हणलं, ही कशी खेळती ते मला तवा कोणी सांगितल्तं का?

उज्ज्वला खाटेच्या कडंला बसली, पदर खोचला अन् म्हणली, "थांबा, बघते."